गाडीची खांदशेकणी

पांढरकवडा
१४ सप्टेंबर १९६१

वाहिद,

सलाम. तो लिहाच लागते म्हणून लिहिला.

पहिले एक सांगतो. तू आजकाल उर्दूत पत्रं धाडतो. ती मले वाचता येत नाहीत हे तुले पक्कं ठाऊक आहे. मग मौलवीसाहेबाच्या पाया पडून वाचून घ्या लागतात, आन् आपल्या घरातलं समदं त्यायच्या कानी जाते. तू आन् मी एकाच मराठी शाळेत एकाच मास्तराच्या छड्या खाल्ल्या. दोन वर्षं नागपूरले राह्यलं म्हणून कोणी मराठी विसरत नाही, बाप्पा. पुढचं मराठीत लिही.

देवसिंगच्या गाडीपायी लिहून राह्यलो. तीच रे, लढाईतली लोखंडी पट्ट्यावर चालणारी गाडी, जिची बंदूक काढून तू मागं नांगराचा हूक लावला आन् ट्रॅक्टर म्हणून मारेगावच्या वाटेवरच्या तांड्याले विकली. त्या लोकायनं बैलं विकून ती घेतली. सरकारनं दिलेली पडीत जमीन पुढच्या मिरगाआधी मोडली नाही तर वापस जाते, आन् तिच्यात कुंद्याचं गवत असं माजलं आहे की बैलाचा नांगर शिरत नाही. म्हणून गाडी. आन् तुझ्याकडूनच काहून? तर तू रहमतमिस्त्रीचा भाऊ म्हणून. नाहीतर त्या तांड्यात तुले कुत्रंही ओळखत नव्हतं.

उन्हाळ्यात तू गाडी घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, चाकं खोलून दाखव. तू कानात अत्तराचा फाया घालून उभा. म्हणाला, ‘‘भाईजान, समदे बेरिंग नवे टाकले, कायले हात काळे करता?’’ आन् अम्मीनं रांधलेलं न खाता निघून गेला. तू गेल्यावर मी गाडीखाली घुसून पाह्यलं. वाळलेल्या चिखलावरच हिरवा रंग मारलेला. मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूनं एक मेलेली पाल चिकटली होती, तिच्यासकट रंग! हिरवीगार, चकचकीत पाल. त्या दिवशी मले जेवण गेलं नाही. पण पाल रंगवली म्हणून बेरिंगही खराब असन असं काही नसते, असं मी मनाले समजावलं.

आता हसण्यासारखं एक. परवा पोळा झाला. तांड्यात बैल नाहीत, आन् पोळा तर आलाच. देवसिंगची बायको रामीबाई म्हणाली, बैल नाही तर गाडी तर आहे, पोळ्याच्या आदल्या सांजी बैलाचा खांदा तूप-हळदीनं शेकतात तशी तिचीच खांद शेकू. देवसिंगकडून चाकाची झाकणं खोलून घेतली, तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं आत भरली, आन् गाडीपुढं हात जोडून म्हणाली, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’ दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा निवद रेडिएटरवर! मी गेलतो तेव्हा पोळी तशीच होती, वरून मुंग्या. मी विचारलं, पुढच्याच दोन चाकाले काहून केलं? तर मलेच येड्यात काढते, ‘‘खांदा पुढंच असते ना रहमतभाई, मागं काय शेपटी शेकू?’’ मी पोट धरून हसलो. तिले सांगतलं, यानं काही बिघडत नाही, पाणी उघडलं की मी समदी चाकं धुऊन ग्रीस भरून देतो.

तुलेही हसू येईन म्हणून लिहिलं. नाहीतर तुझ्याशी हसावं असं आपल्यात आता काही राह्यलं नाही.

रहमत


पांढरकवडा
२८ ऑक्टोबर १९६१

वाहिद,

आज सलाम नाही.

जमीन वाळली म्हणून देवसिंगनं परवा गाडी काढली. मले बोलावणं धाडलं होतं, पण मी पोचाच्या आधीच त्यायनं नारळ फोडून नांगर लावला. पोरंबाया समदे पाहाले आलते. अर्ध्या वावरातच डाव्या बाजूचं मागचं चाक जाम झालं. चाक फिरत नाही आन् पट्टा त्याच्यावरून घासत चालला, रबर जळालं, धूर निघाला आन् पट्टा उतरून बाजूले पडला. देवसिंगनं उडी टाकली म्हणून वाचला.

ते चाक मी गाड्यावर घालून वर्कशॉपमधे आणलं आन् दार लावून एकट्यानं खोललं. काहून दार लावलं ते तू समजून घे.

खोललं तर पहिले वास आला. जळक्या भुशाचा. ग्रीसमधे लाकडाचा भुसा कालवला होता तू, खडखड ऐकू येऊ नये म्हणून. तो पुसला तर हब, चाकाचा मधला तुंबा, झिजून त्याचं भोक मोठं झालेलं, बेरिंगचा कप त्यात ढिल्ला, आन् तो घट्ट बसावा म्हणून मधात पत्र्याची पट्टी गुंडाळलेली. कायचा पत्रा? डालड्याच्या डब्याचा! पट्टीवर ताडाच्या झाडाचं चित्र तसंच आहे. भोवताल पंच-हातोड्यानं ठोके मारून धातू फुगवलेला. आन् रोलर? जेथं रोलर कमी पडले तिथं तू खिळे कापून भरले. खिळे, वाहिद! पाखराले दाणे टाकावे तसे भरले.

मी ते हातात धरून बसलो. लढाईच्या वेळेस मी कामठीच्या मिलिट्री वर्कशॉपात याच गाड्यायची चाकं करत होतो. एकेक बेरिंग मातीच्या तेलात धुवाचं, कानाशी धरून फिरवाचं, जराशी खरखर आली की बाजूले टाकाचं. काहून की त्या गाडीत माणूस बसणार. तुले मी हे याच टेबलावर शिकवलं होतं. तू बरोबर शिकला. कान फसवाचा कसा तेवढं उचललं.

देवसिंग रोज येऊन विचारते, काय झालं? मी सांगतलं, जुनी गाडी आहे, बेरिंग गेलं, नागपूरहून नवे येतीन. खोटं बोललो नाही आन् खरंही बोललो नाही. घरातली घाण घरातच धुवावी असं वाटलं.

समद्या चाकायचे नवे बेरिंग धाड. नवे म्हणजे नवे. आल्याबरोबर मी बसवतो, कोणाले काही कळत नाही, तुझं नाव जसंच्या तसं राहते.

रहमत


पांढरकवडा
२१ नोव्हेंबर १९६१

वाहिद,

पार्सल पोचलं.

मोटारस्टँडवरून खांद्यावर आणलं. खोका नवा, आतला कागद नवा, मेणाचा, त्याले तुझ्या अत्तराचा वास. आन् आत जुनेच बेरिंग, पालिश मारून. मी काय गिऱ्हाईक आहे काय रे? कपाच्या आत निळा डाग पडला आहे, तापून जळाल्याचा. तो पालिशनं जात नाही. तो पाहाले दिवाही लागत नाही, बोट फिरवलं की समजते. तू मले पालिश मारून धाडलं! मले!

रंगवलेल्या पालीची तेवढी किळस आली नव्हती जेवढी या कागदाची आली. समदे उचलून संडासामागच्या खड्ड्यात टाकले.

लक्ष देऊन वाच. तुले लुटाचंच होतं तर नागपुरात शेटसावकार कमी आहेत काय? ज्या लोकायनं दावणीचे बैल सोडून तुझ्या हातात कासरा दिला, त्यायचाच गळा सापडला तुले? त्यायची जमीन गेली तर त्यायनं कुठं जावं?

मी इथं ओळखीच्या ओतकाऱ्याले पुसून पाह्यलं. बेरिंगच्या जागी काशाचे बुश, म्हणजे साधी कडी, ओतून बसवले तर गाडी हळू का होईना चालन. सकाळ-संध्याकाळ ग्रीस भरा लागन, पण चालन. तुझ्याकडून आता बेरिंगची आशा नाही. पण तांड्याले काय झालं ते सांग. तू सांग, तुझ्या तोंडानं. एवढंच मागतो.

रहमत


पांढरकवडा
१७ डिसेंबर १९६१

वाहिद,

थू तुझ्या जिंदगानीवर.

तू सांगतलं तर खरं! माझ्याशी नाही बोलला, थेट तांड्याच्या नाईकाले, सेवादासले कागद धाडला, आन् तोही मराठीत. मी मराठीत लिही म्हटलं होतं ते याच्यासाठी नाही रे. त्यायनं शाळामास्तराकडून चावडीत वाचून घेतला, मी तिथंच होतो. ‘आपल्या बायामाणसांनी पोळ्याला चाकात तूप व हळद भरल्याने ग्रीस नासले व सर्व बेरिंग खराब झाले, यात आमचा काही दोष नाही.’ मास्तरानं दोनदा वाचलं.

ते तुले कोणं सांगतलं? मीच. हसाले म्हणून लिहिलेली गोष्ट, आन् तिचाच दोर करून तू रामीबाईच्या गळ्यात घातला. भाऊ म्हणून चार ओळी लिहिल्या तर त्याही तू सोडल्या नाही. आता तुले लिहिताना बोटं घाण झाल्यासारखी वाटतात.

काय झालं ते ऐक, तुले ऐकाच लागन. तांड्यात समदे म्हणाले, रामीच्या हातानं गाडी मेली, रामीच्या हातानं जमीन जाणार. तिच्या पोरीले, मानीबाईले, पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाले आणलं होतं. पोरगी झाली. आन् रामीबाईले त्या लेकराच्या अंगाले हात लावू देत नाहीत. तिचा हात लागला की चालती वस्तू बंद पडते म्हणतात. लेकरू आत रडते आन् आजी बाहेर गोठ्यात बसते, जेथं बैलं नाहीत. देवसिंग भला माणूस, पण तो बोलत नाही. झाकणं त्यानंच खोलून दिली होती ना. तो आपलाच जीव वाचवून राह्यला.

काल रामीबाई पायी इथवर आली. वर्कशॉपच्या दारातच बसली, आत आली नाही. अवजाराले हात लागन म्हणून लुगड्यात हात लपवलेले. मले विचारते, ‘‘रहमतभाई, तुपानं लोखंड मरते का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’

‘‘मले बरं वाटावं म्हणून म्हणता.’’

‘‘नाही हो बाई. कोणत्याच तुपानं मरत नाही.’’

‘‘मंग कायनं मेलं?’’

कपाटात तुझी ती पत्र्याची पट्टी होती, हातभर अंतरावर. मी कपाट उघडलं नाही. ती उठली आन् चालली गेली. मले माझीही शिसारी आली, पण ती तुझ्यामुळं आली. जे तोंडात कोंबलं ते तू कोंबलं.

रहमत


पांढरकवडा
१४ जानेवारी १९६२

वाहिद,

तुझा निरोप्या येऊन गेला. माझ्याशी बोलाची त्याची हिंमत झाली नाही, अम्मीशीच बोलला. ईदनंतर तुझं लग्न, सासरा मोठा व्यापारी, आन् भाईजाननं तोंड उघडलं तर ते लग्न मोडन. अम्मीले सोबत रेशमी ओढणी धाडली. पासष्टीच्या बाईले रेशमी ओढणी!

पण लागू पडली. अम्मी तेव्हापासून माझ्यामागं लागली आहे. म्हणते, ‘‘तुझ्या सख्ख्या भावाचं घर वसून राह्यलं, तू मोडू नको. त्या बाईचं काय, चार महिन्यानं लोक विसरतीन.’’ मी म्हटलं, अम्मी, ती बाई आपल्या नातीले हात लावू शकत नाही. तर म्हणते, ‘‘लावन, लावन. बायाचं असंच असते, त्या सोसतात.’’ अब्बा गेल्यावर हिनं सूत कातून आपल्याले वाढवलं, वाहिद. तिच्या तोंडातून हे तू बोलवून घेतलं. तुझ्या समद्या कामायमधे हे मले सगळ्यात घाण वाटलं.

आता शेवटचं. फेब्रुवारीत तांड्यात बैठक आहे. रामीबाईले तांड्यात ठेवाचं की माहेरी धाडाचं, हे ठरणार. देवसिंगनं ठेवतो म्हटलं तर देवसिंगलेही बाहेर. तू ये. पंचायसमोर उभा राह्य आन् सांग की बेरिंग मी असे भरले. मी तुझ्या बाजूले उभा राहतो, तुले कोणी हात लावणार नाही, हे माझ्याकडं. लग्न टिकलं तर टिकलं, नाही तर नाही. तू आला नाही तर मी बोलन. मंग म्हणू नको, भाईजाननं सांगतलं नव्हतं.

रहमत


पांढरकवडा
१९ फेब्रुवारी १९६२

वाहिद,

तू आला नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी सांजच्या मोटारीपर्यंत मी स्टँडवर वाट पाह्यली, त्याच्या आधल्या दिवशीही पाह्यली. तुझ्याऐवजी तुझ्या माणसाच्या हाती संत्र्याची टोपली आली. ती मी तिथल्याच हमालायले वाटून दिली.

काल बैठक झाली. लिंबाखाली समदा तांडा. रामीबाई एका बाजूले, पदर तोंडावर ओढून. मी नाईकाले म्हटलं, मले बोलू द्या. सेवादास म्हणाला, ‘‘मिस्त्री, हे आमच्या घरचं आहे.’’ मी म्हटलं, ‘‘नाही. हे माझ्या घरचं आहे.’’

मग मी रामीबाईले विचारलं, ‘‘बाई, तूप कोणत्या चाकात घातलं?’’

‘‘पुढच्या दोन.’’

‘‘मागच्या चाकात?’’

‘‘नाही.’’

‘‘जाम झालं ते चाक कोणतं?’’ हे मी देवसिंगले विचारलं. तो खाली पाहून म्हणाला, मागचं. बाप्पा, दोन महिने समद्यायनं तोंडं वाजवली, पण एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या कागदाचा वट होता ना, नागपूरचा, टाइप केलेला.

उजव्या बाजूचं मागचं चाक मी तिथंच खोललं. आत हळदीचा डाग नाही. भुसा, कापलेले खिळे, डालड्याची पट्टी. पट्टी काढून नाईकाच्या हातात दिली. मग पुढचं खोललं. त्यात तूप होतं, पिवळं, आंबलेलं, वास मारत होतं. त्याच्याखाली भुसा, खिळे, आन् पट्टी तीच. म्हणजे तुपाच्या आधीपासून. हे समजाले मास्तर लागत नाही. बाया उठून पाहाले आल्या. एकीनं पट्टीवरचं ताडाचं झाड ओळखलं आन् हसली.

सेवादास म्हणाला, ‘‘हे कोणं केलं?’’

‘‘वाहिदनं. माझ्या भावानं.’’

‘‘तुले कधीपासून ठाऊक?’’

‘‘दिवाळीच्या आधीपासून.’’

देवसिंग उठला. मले वाटलं मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘‘रहमतभाऊ, माझी बायको दोन महिने गोठ्यात बसली.’’ बस, एवढंच म्हणाला. मी पाना हातात धरून उभा राह्यलो.

मग मानीबाई पोरगी घेऊन आली आन् आईसमोर धरली. ‘‘याडी, ले,’’ म्हणाली. रामीबाईनं घेतली नाही. म्हणाली, ‘‘थांब, हात धुऊन येतो.’’ रांजणापाशी गेली. आन् धूत बसली, वाहिद. राख लावून धुतले, मंग पाण्यानं, मंग पुन्हा राखेनं. हात तर स्वच्छच होते. मानीबाई रडत होती, समदा तांडा उभा, आन् ती बाई हात धूतच होती. शेवटी देवसिंगनंच तिचा हात धरून आणली. पोरगी मांडीवर आली तशी तिचं बोट धरून चोखाले लागली. रामीबाई तिच्या कानात काय म्हणाली ते मले ऐकू आलं नाही.

बुश ओतून झाले आहेत. गाडी मिरगाआधी चालवून देतो म्हणून मी नाईकाले शब्द दिला. ते बसवाचं काम मी तांड्यातच करतो, त्यायच्या डोळ्यासमोर. दार लावून चाक खोलाची मले आता हिंमत नाही. देवसिंग आज सकाळी मदतीले आला, पण माझ्याशी बोलला नाही. अवजार आणून ठेवलं आन् बाजूले गेला. तुझ्याबद्दल तांडा काय करणार ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. तुझ्या सासऱ्याले मी काही लिहिलं नाही. त्याले कळन तेव्हा कळन.

काल सांजी घरी आलो तेव्हा मगरिबची अजान झालती. अम्मीनं रोजा सोडला नव्हता, खजूर हातात तसाच. तिले कोणीतरी आधीच सांगतलं होतं. मी म्हटलं, आता शिव्या दे. ती म्हणाली, ‘‘त्या बाईनं लेकरू उचललं का?’’

मी म्हटलं, उचललं.

मंग तिनं खजूर तोंडात टाकला. ओढणी तिनं घडी करून कागदात बांधली आहे, ती या पत्रासोबतच धाडतो. पत्राखाली तिची दुवा लिहाची काय म्हणून मी विचारलं, आताच, हे लिहिता लिहिता. नाही म्हणाली.

रहमत